दुसरा आजार आधी साखरेच्या वहीत दिसतो

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत किती साखर असते, रोज किती खावी, हे मुलांना भिंतीवरच दिसावं म्हणून. लहान वयात टाइप २ मधुमेह वाढतोय, हे त्यामागचं कारण, आणि ते खरंही आहे. पण माझ्या भाचीच्या शाळेत तो फलक लागला त्याच आठवड्यात डब्याच्या सुट्टीत दोन मैत्रिणींनी तिला विचारलं, “तू लहानपणी खूप चॉकलेटं खायचीस का गं?”

भाची तेरा वर्षांची. सहाव्या वर्षापासून टाइप १. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरचा पुडा कायम असतो, कारण शुगर उतरली की साखर हेच तिचं औषध. याच बोर्डाने २०१७ मध्ये टाइप १ च्या मुलांना परीक्षेच्या वर्गात खाऊ न्यायची परवानगी दिली होती, ती त्यासाठीच. एकाच आजाराचं नाव दोन वेगळ्या आजारांना दिलं की असा घोळ होतो.

मला मात्र लिहायचंय ते त्यापुढच्या घोळाबद्दल. तिला नंतर दुसरा आजार निघाला. नातेवाइकांत लगेच कुजबुज, “बघा, शुगर सांभाळली नाही की एकेक सुरू होतं.” माझ्या बहिणीनेही ते मनाला लावून घेतलं. खरं तर तो दुसरा आजार सहा-सात महिने तिच्या डोळ्यांसमोर होता, तिनेच लिहिलेल्या दोनशे पानी वहीत. फक्त तो कसा वाचायचा हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

टाइप १ म्हणजे नेमकं काय बिघडतं

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. जेवणातली साखर रक्तात आली की ती पेशींच्या आत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला पुरेसं जुमानत नाही. टाइप १ मध्ये बीटा पेशीच मारल्या जातात, आणि मारणारी असते आपलीच प्रतिकारशक्ती.

सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्याला अडवायचं, आतल्याला ओळखायचं, एवढं त्याचं काम. एके दिवशी तो तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबालाच चोर समजतो, आणि समजूत घालूनही ऐकत नाही. रोज जाऊन त्यांचं दार तोडतो. शरीराच्या या उलटलेल्या पहाऱ्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. वॉचमनने ज्यांच्या नावावर चुकून लाल खूण केली त्यांची यादी रक्तात सापडते. त्या खुणा म्हणजे अँटिबॉडी. हे दोन शब्द पुढे लागतील, बाकी फारसे नाहीत.

चॉकलेटचा यात काही संबंध नाही. आईने काय खाल्लं, बाळाला कधी काय भरवलं, यावरही बोट ठेवता येत नाही. काही मुलांत जन्मतः कल असतो, मग कुठल्यातरी कारणाने, बहुधा एखाद्या विषाणूच्या निमित्ताने, पहारा बिथरतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं आहेत. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे.

मग दुसरा आजार कुठून येतो?

त्याच वॉचमनकडून. ज्याची ओळखण्याची पद्धतच चुकली आहे, तो एका बिऱ्हाडावर थांबेल याची खात्री नाही. कधी तो थायरॉईडच्या दारावर जातो, कधी आतड्याच्या अस्तरावर, कधी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींवर, कधी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर.

यामागे सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए नावाच्या जनुकांचा मोठा हात आहे. ही जनुकं पेशीच्या दारात ठेवायचं ताट घडवतात. पेशी त्या ताटात आपल्या आतले प्रथिनांचे तुकडे मांडते आणि पहारेकरी ते बघून घरचा की बाहेरचा ते ठरवतो. काही ताटांची घडणच अशी की त्यात घरचे तुकडेही संशयास्पद दिसतात. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही त्यातली दोन नावं. टाइप १ मध्ये ती वारंवार सापडतात, आणि गव्हाने होणाऱ्या सिलिअॅक आजारात तर जवळजवळ प्रत्येकात यातलं एक असतंच. म्हणजे दोन्ही आजार एकाच ताटात जेवणारे. तरीही ही ताटं असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात, म्हणून नुसती जनुकं तपासून भविष्य सांगता येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण टाइप १ झालेलं मूल वर्ष-दोन वर्षांपलीकडे क्वचित जगायचं. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्यानंतर ही मुलं मोठी होऊ लागली, आणि मोठी झाली म्हणूनच वॉचमनच्या पुढच्या चुका दिसायला वेळ मिळाला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा हे जे बिघडतं, ती मधुमेहाची गुंतागुंत. वर्षानुवर्षं साखर चढी राहिल्याने ती होते आणि साखर नीट ठेवली तर बरीच टळते. १९९३ मध्ये संपलेल्या डीसीसीटी या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. थायरॉईड, सिलिअॅक, कोड हे मात्र सोबती आजार. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेसहा असलेल्या शहाण्या मुलालाही ते होतात. बहिणीला हा एक फरक आधी कुणी सांगितला असता तर तिच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

सर्वांत नेहमीचा सोबती: थायरॉईड

टाइप १ च्या साधारण पाचापैकी एका मुलाच्या रक्तात थायरॉईडवरच्या अँटिबॉडी सापडतात. मुलींत जास्त, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. खूण सापडली म्हणजे दार तुटलंच असं नाही. त्यातल्या काहींचंच थायरॉईड पुढे मंदावतं. या मंदावण्याचं मुख्य कारण हाशिमोटो या जपानी डॉक्टरच्या नावाने ओळखलं जातं. १९१२ मध्ये त्यांनी चार रुग्णांवरून ते वर्णन केलं होतं.

थायरॉईड हा शरीराच्या शेगडीचा नॉब. तो बारीक झाला की सगळंच संथ चालतं. अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं, यकृत साखर कमी सोडतं, टोचलेलं इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. परिणाम वहीत दिसतो. डोस तोच, जेवण तेच, आणि शुगर विनाकारण लो. उंची वाढायची थांबते, कोलेस्टेरॉल चढतं, मूल आळशी वाटू लागतं, थंडी सोसवत नाही. दहावीच्या वर्षात हे सगळं अभ्यासाच्या ताणावर ढकललं जातं. उलट नॉब मोठा झाला, म्हणजे थायरॉईड जास्त चालायला लागलं, तर शुगर चढी राहते, छाती धडधडते, वजन उतरतं आणि डोस कितीही वाढवला तरी पुरत नाही. हा प्रकार कमी दिसतो.

तपासणी सोपी आहे, टीएसएच, म्हणजे थायरॉईड किती चालतंय हे सांगणारी रक्ताची चाचणी. पण ती कधी करायची याला महत्त्व आहे. मधुमेहाचं निदान होताना मूल बऱ्याचदा किटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढून, अतिदक्षता विभागात दाखल झालेलं असतं. त्या दिवसांत थायरॉईडचे आकडे तात्पुरते हललेले असू शकतात. म्हणून साखर स्थिरावल्यावर टीएसएच करतात आणि सगळं ठीक असलं तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा.

गव्हाचं प्रकरण

आता बहिणीच्या वहीकडे येतो. निळ्या शाईत रीडिंग, कंसात युनिट, शेवटच्या रकान्यात काय खाल्लं ते. लो असेल तर लाल गोल. जून-जुलैत आठवड्यात एखादा लाल गोल. दिवाळीपर्यंत दुपारी चारच्या रकान्यात जवळपास दिवसाआड एक. ५८, ६१, ५४. डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रोजच्यासारख्याच. डॉक्टरांनी दिवसाचं इन्सुलिन ३० युनिटांवरून २४ वर आणलं तरी गोल कमी होईनात. एका ठिकाणी सांगण्यात आलं की मुलगी डबा टाकून देत असणार. बहिणीने तिच्या मैत्रिणींकडे चौकशीसुद्धा केली, आणि भाचीने त्यावरून दोन दिवस अबोला धरला. ती पोळी शेवटच्या घासापर्यंत खात होती. आतडं ती पोळी घेत नव्हतं.

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्या मखमलीच्या लवेतून अन्न रक्तात जातं. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिअॅक आजारात ग्लुटेन आलं की पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतो आणि त्या धुमश्चक्रीत मखमल झिजून सपाट होते. पंगतीत वाढपी उतरलेत, पण मुदपाकखान्यातून भात येतच नाही, तेव्हा ते परातीत होता-नव्हता तो भात वाढून परात रिकामी करतात. इन्सुलिन इथे वाढपी आहे. दोन पोळ्यांच्या हिशोबाने ते टोचलं, पण दोन पोळ्यांची साखर रक्तात पोचलीच नाही. मग रक्तात होती तीही संपते, आणि चार वाजता ५४.

जुलाब, पोट फुगणं ही पुस्तकातली लक्षणं भाचीला नव्हतीच. टाइप १ च्या बऱ्याच मुलांत हा आजार असा मुका असतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, उंची अडते, तोंड येतं, कधी काहीच होत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत टाइप १ च्या मुलांत सिलिअॅकचं प्रमाण दीड टक्क्यापासून सोळा टक्क्यांपर्यंत आढळलंय. सर्वसाधारण लोकांत ते एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्या देशातही उत्तर आणि दक्षिण सारखे नाहीत. गहू खाणाऱ्या उत्तरेत या अँटिबॉडी शंभरात साधारण एकाजवळ सापडल्या, तर दक्षिणेत हजारात एकाजवळ. महाराष्ट्र मधोमध. आजोबांच्या पिढीची भाकरी नातवंडांच्या ताटात पोळी झाली आहे, हे इथल्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं.

गव्हावर संशय कसा गेला याची गोष्ट हॉलंडची आहे. विलेम डिक हे बालरोगतज्ज्ञ १९३० च्या दशकापासून अशा मुलांना गहू बंद करून बघत होते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. बाकी देश उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिक यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं.

तपासणी टीटीजी-आयजीए या अँटिबॉडीची. सोबत एकूण आयजीए बघावं लागतं. काहींच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकारच कमी बनतो, मग आजार असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. आकडा किंचित वाढलेला असेल तर लगेच घाबरू नये. टाइप १ च्या मुलांत तो कधी कधी आपोआप खाली येतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा बघतात. खूपच वाढलेला असेल किंवा शंका असेल तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. भाचीची दुर्बीण झाली. अस्तर सपाट निघालं.

उपचार एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद. ऐकायला भयंकर, पण मराठी स्वयंपाकघराला हे जड जाऊ नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, सगळं चालतं. घावन, आंबोळी, पोहे, भाकरी-पिठलं यांत गहू नाहीच. अडचण दडलेल्या गव्हाची. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूचं पीठ तर नावातच आलं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, आणि “एवढासा प्रसाद, देवाचं काही बाधत नाही” असं म्हणणारी शेजारीण प्रत्येक इमारतीत असते.

आणि गिरणी. पहिला महिना बहिणीने काटेकोर पाळला, ज्वारीची भाकरी, डबा वेगळा, पोळपाट वेगळं. तरी भाचीचं पोट दुखायचं. मग एक दिवस ती स्वतः दळण घेऊन गेली तेव्हा समोर दिसलं. गिरणीवाल्याने आधीच्या बाईंचे पाच किलो गहू दळले, हातोडीने दोन ठोके मारले आणि त्याच जात्यात तिची ज्वारी ओतली. पिठाचा पहिला मूठभर लोट गव्हाचाच होता. तिने त्याला विनंती केली, सकाळी गिरणी पुसून माझं पहिलं दळ. तो भला माणूस, पण रोज ते जमणारं नव्हतं. शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली.

दुसरी गंमत त्यानंतर झाली. अस्तर भरून यायला लागलं तशी शुगर चढायला लागली. डोस २४ वरून ३३ वर गेला. आजी घाबरली, “एवढं पथ्य करून वर इन्सुलिन वाढलं म्हणजे उलटंच झालं की!” डॉक्टर हसले. खाल्लेलं अंगी लागायला लागलं, म्हणून वाढपी जास्त लागतात. वर्षभरात भाचीची उंची सात सेंटिमीटरने वाढली. ग्लुटेन नसलेली दुकानातली बिस्किटं आणि पाव मात्र बहुतेक तांदूळ-बटाट्याच्या पिष्टाचे असतात आणि साखर झपकन वर नेतात. महागडी असूनही त्यांचा फार उपयोग नाही.

विरळा, पण नजरेतून सुटू नये असा

लंडनच्या ‘गाइज’ इस्पितळातल्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये अॅड्रिनल ग्रंथींचा एक आजार वर्णन केला. टाइप १ मध्ये तो शंभरात एकालाही होत नाही. तरी तो सांगतोय, कारण चुकला तर जिवावर बेततो.

या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. रात्री उपाशीपोटी साखर धरून ठेवायला आणि आजारपणात शरीराला तग धरायला ते लागतं. ते आटलं की इन्सुलिनची गरज घटत जाते आणि पहाटेच्या शुगर लो येतात. मूल गळून जातं, उठताना चक्कर येते, उलट्या होतात, लोणचं किंवा नुसतं मीठ चाटावंसं वाटतं. आणि त्वचा काळवंडते. बोटांच्या पेरांवर, हिरड्यांवर, जुन्या व्रणांवर गडद छटा येते. गोऱ्या देशांत हे चटकन दिसतं. आपल्याकडे “उन्हात खेळून रापलाय” म्हणून सोडून देतात.

यात एक सापळा आहे. थायरॉईड आणि अॅड्रिनल दोन्ही मंदावले असतील आणि आधी फक्त थायरॉईडची गोळी सुरू केली, तर शरीराची शेगडी वाढते आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने संपतं. रुग्ण कोसळू शकतो. अशी शंका असेल तर आधी सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी, मग गोळी, हा क्रम डॉक्टर पाळतात.

डोस घटण्याचं एक निरुपद्रवी कारणही आहे. निदानानंतर पहिल्या काही महिन्यांत उरलेल्या बीटा पेशी थोडा दम घेतात आणि इन्सुलिन खूप कमी पुरतं. याला हनिमून म्हणतात. याच काळात कुणा वैदूच्या काढ्याने “मधुमेह बरा झाला” अशा कहाण्या जन्मतात, आणि इन्सुलिन बंद केलेली मुलं किटोन वाढून इस्पितळात येतात. पहिल्या वर्षात डोस घटला तर तो बहुधा हनिमून. पाचव्या वर्षी घटला तर शोध घ्यायचा.

कोडाचे पांढरे डाग हाही याच वॉचमनचा उद्योग. शरीराला त्याने इजा नाही, संसर्गही नाही. त्रास होतो तो लग्नाच्या बाजारात, आणि त्यावर कुठलंच मलम नाही.

एचबीए१सी फसवतं तेव्हा

तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणून ज्या आकड्यावर मुलांना शाबासकी किंवा बोलणी मिळतात, तो आकडा लाल रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. पेशींचं आयुष्य बदललं की आकडा हलतो. लोहाची कमतरता असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, रक्तपेशी लवकर फुटत असतील, तर कमी दिसू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल घरोघरी माहीत आहे, तिथे हे फारच महत्त्वाचं. ग्लुकोमीटरची वही एक सांगतेय आणि एचबीए१सी दुसरंच, तर मूल खोटं लिहितंय असं धरण्याआधी हिमोग्लोबिन बघावं.

“पोर हसतंय-खेळतंय, मग रक्त कशाला काढायचं?”

कारण मुका आजार हसताखेळताच असतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या सूचनेनुसार सिलिअॅकची तपासणी मधुमेहाचं निदान झाल्यावर लवकर, मग दोन वर्षांच्या आत आणि पुन्हा पाच वर्षांनी करायची, कारण बहुतेक मुलांत तो पहिल्या पाच वर्षांतच निघतो. थायरॉईडचं वर सांगितलंच. अॅडिसनची सरसकट तपासणी करत नाहीत, लक्षणं दिसली तरच. म्हणजे वर्षातून एखादी सुई जास्त. दिवसाला पाच वेळा बोट टोचणाऱ्या मुलाला ती एक सुई भारी नाही. भारी असतो आईबापांच्या मनावरचा ताण आणि खिशावरचा खर्च. टीएसएच सरकारी इस्पितळांत सहसा होते. टीटीजी सगळीकडे नसते, तेव्हा नेहमीच्या फेरीतच ते रक्त मोठ्या इस्पितळात द्यावं, वेगळी खेप पडत नाही.

“मग गहू आजपासूनच बंद करतो, भानगडच नको”

हे करू नका. ग्लुटेन पोटात गेलं तरच अँटिबॉडी बनतात. आधीच बंद केलं तर तपासणी खोटी चांगली येते आणि खरं काय ते कळायला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. गहू टाळल्याने टाइप १ च्या मुलाला सिलिअॅक होत नाही याला आधार नाही. ज्याला आजार नाही, त्याने पोळी खावी.

“आता आयुष्यभर गोळ्याच का?”

थायरॉईड मंदावलं तर बहुतेकदा हो, रोज एक. ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर त्या तिला शोषू देत नाहीत. शाळेच्या सकाळच्या धावपळीत हे जमवणं अवघड आहे हे मान्य. बहिणीच्या एका मैत्रिणीने उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवून पहाटे दूधवाल्याच्या बेलवर ती द्यायची सवय लावली, ती टिकली. गोळी म्हणजे बाहेरचं औषध नव्हे, शरीराला न बनवता आलेला तोच रस. इन्सुलिनसारखाच.

“भावंडांचं काय?”

टाइप १ असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडाला टाइप १ होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच-सहा. म्हणजे बहुतेक भावंडांना होत नाही. सिलिअॅक निघालं तर मात्र आईबाप आणि भावंडांनीही टीटीजी करून घ्यावी, कारण सख्ख्या नात्यात तो दहापैकी एकाच्या आसपास सापडतो आणि तिथेही मुकाच असतो.

आमच्याकडे सगळ्यांची झाली. भाचा आणि बहीण निगेटिव्ह. मेहुण्यांची पॉझिटिव्ह. बेचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या ‘अॅसिडिटी’नंतर. त्या रात्री घरघंटीत ज्वारी जरा जास्त पडली.